सकाळी सिंह, दुपारी दरी

सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत एका दिवसापुढे असं छापलं होतं : 'पहाटे साडेपाच – जंगल सफारी, सिंह दिसण्याची शक्यता. नंतर नाश्ता. दुपारी अडीच – पुलावरून उडी (ऐच्छिक).' बायकोनं ते दोनदा वाचलं आणि म्हणाली, "उडी ऐच्छिक आहे. म्हणजे सिंह सक्तीचा दिसतोय."

मराठी माणसाची आफ्रिका बरीच वर्षं मसाई मारापाशी सुरू व्हायची आणि तिथंच संपायची. छप्पर उघडणाऱ्या गाडीत उभं राहायचं, 'बिग फाइव्ह'पैकी किती झाले याचा हिशेब ठेवायचा, गेंडा राहिला म्हणून हळहळायचं आणि रात्री तंबूत भाकरवडीचा डबा उघडायचा. अंगमेहनत म्हणाल तर दुर्बिणीचा पट्टा मानेला काचायचा, तेवढीच. आताच्या पिढीनं त्यात खेळ घुसवले आहेत. हत्ती बघून झाले की नदीत झोकून द्यायचं, जिराफ झाला की दरीत लोंबकळायचं. माझ्या भाचीनं 'मामा-मामींच्या वयाला झेपेल अशी' म्हणून जी सहल आखली, तिच्यात पाहणं आणि पडणं निम्मंनिम्मं होतं. ती बरोबर येणार होती, कारण तिच्या मते आम्हाला सांभाळायला कुणीतरी हवं होतं. तिची आई, म्हणजे आमची ताई, सांगलीत सगळ्यांना सांगत होती की पोरीला सांभाळायला मामा-मामी चाललेत.

जागा मात्र तिनं नामी निवडली होती. झांबिया आणि झिंबाब्वे यांच्या हद्दीवर झांबेझी नदी एका भेगेत कोसळते. तोच व्हिक्टोरिया धबधबा. 1855 च्या नोव्हेंबरात डेव्हिड लिव्हिंगस्टननं तो पाहिला आणि आपल्या राणीचं नाव देऊन टाकलं. 'मोसी-ओआ-टुन्या' हे नाव त्याच्या आधीपासून होतं आणि आजही आहे. रुंदी 1708 मीटर, खोली 108 मीटर. आकडे पाठ करून गेलं तरी काही उपयोग होत नाही, कारण सगळं पाणी एका नजरेत दिसतच नाही. नदी समोरच्या कड्यावरून एका अरुंद फटीत शिरते आणि आपण फटीच्या पलीकडच्या काठावर उभे असतो. खडक आपल्या ओळखीचा, काळा बसाल्ट. सह्याद्रीचा साडेसहा कोटी वर्षांचा, हा त्याहून थोरला, जवळजवळ अठरा कोटींचा. या बसाल्टला आडव्या भेगा आहेत. नदी एकेक भेग कोरत मागे सरकत आली आणि खाली नागमोडी घळयांची रांग सोडून गेली. त्या घळयांमुळेच पुढचे सगळे धंदे चालतात. पूल एका घळईवर आहे, उडी त्या पुलावरून आहे आणि रबरी बोटी त्याच घळयांच्या तळातून जातात. धबधबा मागे सरकला नसता तर भाचीला आम्हाला कुठं पाडावं हा प्रश्न पडला असता.

आम्ही ऑक्टोबरात गेलो. त्याबद्दल घरी बरीच चर्चा झाली होती, कारण धबधबा बघायचा तर एप्रिल. तेव्हा पाणी इतकं असतं की तुषारांच्या पडद्यामागे धबधबा हरवून जातो आणि माणूस रेनकोटसकट भिजून निघतो. ऑक्टोबरात झांबियाच्या बाजूचा कडा बराचसा कोरडा पडतो, काळा खडक उघडा दिसतो. पाण्यासाठी झिंबाब्वेच्या बाजूला जावं लागतं. पण पाणी उतरल्याशिवाय घळईतल्या बोटी सुरू होत नाहीत. आणि आतलं रान सुकल्याशिवाय जनावरं नदीकाठी येत नाहीत. झाडांची पानं झडलेली, पाणवठे आटलेले, सगळा जंगलसंसार नदीच्या काठावर उतरलेला. धबधब्याचं थोडं नुकसान करून घेतलं की बाकी सगळं पदरात पडतं. उकाडा मात्र असा की चंद्रपूरच्या माणसानंही तक्रार केली असती.

पुलाबद्दल आधी. हा लोखंडी पूल 1905 साली झाला. इंग्रज साम्राज्यवादी सेसिल ऱ्होड्सची इच्छा होती की जाणाऱ्या गाडीच्या डब्यांवर धबधब्याचे तुषार पडावेत. म्हणून पूल सोयीच्या जागी न बांधता धबधब्याच्या नाकासमोर बांधला. ऱ्होड्स स्वतः 1902 मध्येच गेला. तुषार पडले ते इतरांवर. पुलाच्या एका टोकाला झांबियाचा नाका, दुसऱ्या टोकाला झिंबाब्वेचा, आणि मधली जागा व्यवहारात कुणाचीच नाही. 1975 च्या ऑगस्टमध्ये तिथं एक आगगाडीचा डबा आणून उभा केला होता. डब्याच्या एका बाजूला ऱ्होडेशियाचा, म्हणजे आजच्या झिंबाब्वेचा, गोरा पंतप्रधान इयन स्मिथ, दुसऱ्या बाजूला आफ्रिकी राष्ट्रवादी पुढारी. सीमारेषा डब्याच्या मधून. वाटाघाटी करणाऱ्यांनी आपापल्या हद्दीतून पाऊल बाहेर टाकू नये म्हणून केलेली सोय. मध्यस्थीला दक्षिण आफ्रिकेचा पंतप्रधान आणि झांबियाचा राष्ट्राध्यक्ष, दोघेही जातीनं हजर. दिवसभर बोलणी झाली आणि काही निष्पन्न झालं नाही. त्या पुलावर उगाच उभं राहून खाली बघितलं की वाटतं, एवढ्या उंचीवर बसवल्यावर कुणीही लवकर सही केली असती. ते लोक खंबीर निघाले.

आता तिथं सह्या भराभर होतात. तुम्ही नाक्यावर पासपोर्ट दाखवायचा, पुलापुरती एक चिठ्ठी घ्यायची, वाटेत पिशवी हिसकावणाऱ्या बबून माकडांपासून चीजवस्तू सांभाळायची आणि पुलाच्या मध्यावर जाऊन एक कागद भरायचा. कागदाचा मथितार्थ असा, की मी हे शुद्धीत करतो आहे. मी मेलो, मोडलो किंवा मला काहीही झालं तरी माझे वारस कुणाला विचारायला येणार नाहीत. आपल्याकडे घराचा करार करताना इतकी स्पष्टता असती तर कितीतरी बिल्डर सुधारले असते. मी तो कागद शेवटपर्यंत वाचला. भाची म्हणाली, "मामा, कुणी वाचत नाही ते." मी म्हटलं, "बँकेत तीस वर्षं लोकांना हेच सांगून सह्या घेतल्या आहेत मी. म्हणूनच वाचतोय."

नंतर वजन करतात. दोरी रबराच्या असंख्य तारांची असते आणि माणसाच्या वजनाप्रमाणे ती बदलावी लागते. इथवर ठीक. पण ते वजन ठसठशीत मार्करनं मनगटाजवळ लिहितात. रांगेतल्या एका गुजराती बाईंनी घेतलेला धसका दरीचा नव्हता. त्या पदराखाली हात लपवून उभ्या होत्या आणि नवऱ्याला सांगत होत्या की उडी रद्द झाली तरी चालेल, पण हे पुसायला काहीतरी आण.

या खेळाचं मूळ वानुआतूच्या पेंटेकोस्ट बेटावर आहे. तिथले पुरुष घोट्याला वेली बांधून लाकडी मनोऱ्यावरून उड्या मारतात. सुरणासारख्या कंदाचं पीक चांगलं यावं म्हणून. त्यात निदान पिकाचा संबंध आहे. शहरी माणसानं अशी उडी रबरी दोरीनं पहिल्यांदा मारली ती ब्रिस्टलच्या क्लिफ्टन पुलावरून, ऑक्सफर्डच्या 'डेंजरस स्पोर्ट्स क्लब'च्या पोरांनी. तारीख 1 एप्रिल 1979. खाली पोलिसांनी त्यांना पकडलं. हा सगळा इतिहास मी बायकोला सांगत असताना तिनं मोबाइलवर वेगळाच इतिहास शोधून काढला होता : 2011 च्या शेवटच्या दिवशी याच पुलावर एका ऑस्ट्रेलियन मुलीची दोरी तुटली, ती झांबेझीत पडली आणि बांधलेल्या पायांनिशी पोहत काठाला लागली. वाचली. तिच्यानंतर लोकांचा विश्वास परत यावा म्हणून झांबियाच्या पर्यटनमंत्र्यांनी स्वतः उडी मारून दाखवली. हे ऐकल्यावर मात्र मी दोरीपेक्षा त्या मंत्र्यांचाच विचार करत राहिलो. खड्डे नाहीत असं म्हणणाऱ्या आपल्या एखाद्या मंत्र्यानं पावसाळ्यात मुंबई-गोवा रस्त्यानं स्कूटरवरून कणकवलीपर्यंत जाऊन दाखवलं, तर मी त्यांना मत देईन.

भाचीची पाळी आली तेव्हा मी जवळून पाहिलं. तिला एका खुर्चीत बसवलं. पाय बांधणारा माणूस वयानं माझ्याएवढा असावा. त्यानं दोन साधे टॉवेल घेतले, घरात आंघोळीला वापरतो तसलेच, एक कोपरा विरलेला. ते घोट्यांभोवती घट्ट गुंडाळले, वरून पट्टे आवळले, एक बोट पट्ट्याखाली घालून पाहिलं, पुन्हा आवळलं, पुन्हा बोट. एवढ्या अवधीत तो एकदाही दरीकडे बघत नव्हता. त्याचा जोडीदार ते सगळं पहिल्यापासून तपासत होता, मोठ्यानं म्हणत. हसत होते दोघेही, भाचीला विचारत होते की तू कुठली, इंडियात क्रिकेट कोण जिंकणार. पण त्यांची बोटं हसत नव्हती. मग 111 मीटर खोल दरीच्या काठाशी भाची दोन्ही पाय एकत्र उड्या मारत फळीपर्यंत गेली. नेमका तेव्हाच ताईचा व्हिडिओ कॉल आला. मी घाबरून उचलला. ताईनं पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "जेवलीय का ती?"

"नाही. उडीनंतर जेवणार आहे."

"बरोबर. भरल्या पोटी नकोच."

पाच-चार-तीन-दोन-एक. पुढचं मी सांगू शकत नाही, कारण मी फोन सांभाळत होतो. दरीतून जे ऐकू आलं त्यात आईचं नाव होतं, एवढं ताईनंही ऐकलं. मग वरून एक माणूस दोरीनं उतरला, उलट्या लोंबकळणाऱ्या भाचीला त्यानं सरळ केलं, वर खेचून पुलाच्या पोटाखालच्या लोखंडी पायवाटेवर आणलं, आणि ती त्या जाळीवरून चालत वर आली. चेहरा लालबुंद. म्हणाली, "मामा, डोकंच रिकामं झालं." तिच्या कंपनीत तिला जे वातावरण आहे ते बघता, यासाठी पैसे मोजणं मला पटलं.

मी उडी मारली नाही. मला वाटतं, प्रत्येक पुलावर वर उभं राहून पर्स, चष्मे आणि मोबाइल सांभाळणारं कुणीतरी लागतंच.

बोटीत मात्र बसलो. कोलाडला कुंडलिकेत बसलो होतो त्या जोरावर. आपली कुंडलिका शिस्तीची आहे : मुळशीचं पाणी भिऱ्याच्या वीजघरातून सकाळी सोडलं की नदी वाहू लागते, आणि पाणी बंद झालं की बोटीवाले चहाला जातात. झांबेझीला असं कुणी विचारत नाही. 1981 साली अमेरिकी चमूनं ही घळई पहिल्यांदा रबरी बोटींनी पार केली, आणि तिथल्या उसळ्यांना जी नावं पडली ती ऐकून विमा एजंटनं राजीनामा द्यावा. 'मॉर्निंग ग्लोरी' ठीक आहे. 'स्टेअरवे टू हेवन' म्हणजे स्वर्गाचा जिना. त्यातली सूचकता मला आवडली नाही. पुढे 'ओव्हरलँड ट्रक ईटर', 'थ्री अग्ली सिस्टर्स', 'ओब्लिव्हियन'. 'नॅशिंग जॉज ऑफ डेथ' म्हणजे मृत्यूचा करकरणारा जबडा, आणि तो प्रत्यक्षात अगदीच लेचापेचा निघतो. आमच्या बोटीतल्या एका जर्मन गृहस्थांनी आवळलेले दात तो संपल्यावरही सुटेनात. खरी भयंकर आहे ती त्याच्या आधीची नवव्या नंबरची, 'कमर्शियल सुइसाइड'. तिथं सगळे निमूट बोटीतून उतरतात, खडकांवरून चालत जातात, आणि बोट रिकामी सोडून खाली पकडतात. रिकामी बोट त्या पाण्यात काय करते ते खडकावर बसून बघितलं की नाव ठेवणारा प्रामाणिक होता हे कळतं.

बोटीच्या मागे बसणारा वाटाड्या चारच आज्ञा शिकवतो : पुढे वल्हवा, मागे वल्हवा, धरा, खाली बसा. संसारात यापेक्षा जास्त लागत नाहीत. मगरींबद्दल कुणीतरी विचारतंच. तो म्हणाला, घळईत आहेत, पण लहान आहेत, वरून धबधब्याबरोबर पडलेल्या. हे ऐकून बायको म्हणाली, "एवढ्या उंचावरून पडून जी जगली तिला लहान म्हणायचं?" त्याला उत्तर नव्हतं. तेवढ्यात सातवी उसळी आली, समोर पाण्याची भिंत उभी राहिली, त्यानं 'धरा' म्हटलं आणि मी दोरी सोडून बायकोचा हात धरला. तिनं हात झटकून दोरी धरली. तिचंच बरोबर होतं.

बोटीचा प्रवास संपतो तिथं मौज संपते आणि खरा व्यायाम लागतो. घळईचा कडा चढून वर यायचं. दुपारचं ऊन, लाकडाच्या ओंडक्यांच्या पायऱ्या, तापलेला बसाल्ट. लोहगड चढणाऱ्यांना नवल वाटणार नाही, पण आमचा चमू चार-चार पायऱ्यांवर थांबत होता, कुणी झाडाला, कुणी एकमेकांना टेकून. त्या वाटेनं मागून पोरं येत होती. खाली हवा काढून गुंडाळलेली बोट खांद्यावर, आमची शिरस्त्राणं आणि जाकिटं पाठीवर, पायात झिजलेल्या चपला. 'सॉरी, सॉरी' म्हणत ती बाजूनं पुढे गेली. आमच्या धाडसाचं सगळं वजन त्यांच्या खांद्यावर होतं. ते उद्या पुन्हा खाली न्यायचं आणि पुन्हा वर आणायचं. त्यांच्यातल्या एकानं वर पोचल्यावर थंडगार कोक फोडला आणि सावलीत बसून आम्हाला मोजू लागला.

या घळईत बटोका नावाचं मोठं धरण बांधायची योजना फार जुनी आहे. झालं तर या उसळ्यांपैकी पुष्कळशा पाण्याखाली जातील. बोटीवाले अर्थात विरोधात आहेत. पण 2024 मध्ये पाऊस न झाल्यानं याच नदीवरच्या करिबा धरणाच्या जलाशयात विजेपुरतं पाणी उरलं नाही आणि झांबियात तासन्‌तास वीज नव्हती. त्या काळात बर्फाच्या पेट्या रिकाम्या घेऊन बसलेल्या दुकानदाराला विचारलं तर तो वेगळं सांगेल. कुंडलिकेवरचा खेळ धरणामुळे आहे आणि झांबेझीवरचा धरणानं बुडेल. यावर मत द्यायला मी तिथला रहिवासी नाही.

धाडसाचे खेळ आटोपून जंगलात गेलं की पहिली आज्ञा मिळते : बसा, गप्प राहा, उभे राहू नका. चोबेचं राष्ट्रीय उद्यान बोत्स्वानात, तिथून तासा-दीड तासावर. ऑक्टोबरात हत्तींचे कळपच्या कळप धूळ उडवत नदीवर येतात. बोत्स्वानात सव्वा लाखाहून जास्त हत्ती आहेत, आणि त्या संध्याकाळी त्यातले बरेच आमच्या बोटीच्या आसपास होते. नदीत सेदुदू नावाचं एक सपाट गवताळ बेट आहे. ते बोत्स्वानाचं की नामिबियाचं यावर दोन देश हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले. 1999 मध्ये निकाल बोत्स्वानाच्या बाजूनं लागला. एवढ्या काळात हत्ती ते गवत खाऊन संपवत होते. आम्ही पाहिलं तेव्हा एक हत्तीण पिलासह पाण्यात उतरली. पिलू बुडालं, पाण्यावर फक्त सोंडेचं टोक, हवा घेत, कधी या बाजूला, कधी त्या. आई प्रवाहाच्या वरच्या अंगाला राहून चालली होती म्हणजे पाण्याचा धक्का आधी तिला लागावा. बेटावर चढल्यावर पिलानं अंग झटकलं आणि लगेच खायला सुरुवात केली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आमच्यापैकी दोघांनी वाजवल्या, त्यांना गप्प केलं.

सिंह सकाळी पाहिला होता. पाहिला म्हणजे, झोपलेला पाहिला. सिंह दिवसातले अठरा-वीस तास झोपतो, त्यामुळे ज्यांना जागा सिंह दिसतो ते भाग्यवान. हे पाच होते, झुडपाखाली, लग्नातलं जेवण झाल्यावर मांडवात आडव्या होणाऱ्या मामेमंडळींसारखे पसरलेले, एकाचं पोट दुसऱ्याच्या पाठीवर, एक पंजा हवेत. आमच्याजवळून एक इंपाला हरीण गेलं. दहा-दहा मीटर लांब उडी मारू शकणारा प्राणी तो, मारली नाही. कारण सिंहाचं पोट भरलं होतं, आणि हे हरणाला दिसत होतं. त्या रानात विनाकारण कुणीच काही करत नव्हतं. पाणघोडे ऊन आहे म्हणून पाण्यात, मगर रक्त तापवायला म्हणून वाळूवर, गरुड मासा दिसेपर्यंत फांदीवर. भीतीसुद्धा सगळे मोजून वापरत होते. तिकीट काढून घाबरायला आलेले तेवढे आम्हीच होतो, हिरव्या गाडीत, टोप्या घालून, मनगटावर वजन लिहिलेले.

धबधब्याजवळच झांबियाच्या बाजूला मोसी-ओआ-टुन्या नावाचंच एक लहान राष्ट्रीय उद्यान आहे, 66 चौरस किलोमीटरचं. तिथं पायी चालत पांढरे गेंडे दाखवतात. मसाई मारात न दिसलेला गेंडा इथं पायउतार होऊन बघायचा. पुढे बंदूकधारी, मागे बंदूकधारी, मध्ये आम्ही एका रांगेत. सूचना एकच : काहीही झालं तरी पळायचं नाही, इथं पळतो तो खाद्य असतो. पुण्यात रस्ता ओलांडताना नेमका उलटा नियम असल्यामुळे पायांना समजावावं लागलं. वारा कुठून येतो ते पाहायला पुढच्यानं चिमूटभर धूळ सोडली आणि आम्ही वळसा घेतला. मग झाडीत तीन राखाडी ढीग. त्यातला एक हलला. सगळ्यांत लक्षात राहिला तो आवाज : रुंद सपाट ओठ जमिनीला लावून गवत फाडण्याचा, जाड कापड टराटरा फाटावं तसा, एकसारखा. पाठीवरचे पक्षी कानात चोच घालत होते आणि गेंड्याचा कान फक्त थोडा झटकला जात होता. बायकोनं माझ्या कानात विचारलं, "यांना आपण दिसतो?" नीट दिसत नाही, वास येतो, ऐकू येतं.

या गेंड्यांवर चोवीस तास पहारा असतो, शिंगासाठी मारणाऱ्यांपासून वाचवायला. म्हणजे काही माणसं रात्रंदिवस त्यांच्याबरोबर चालतात, त्यांच्याबरोबर थांबतात, पावसात त्यांच्याजवळ झाडाखाली उभी राहतात. मी त्यातल्या एकाला विचारलं, यात सगळ्यांत अवघड काय. मला वाटलं, शिकारी किंवा सिंह म्हणेल. तो म्हणाला, जागं राहणं. गेंडा खातो, झोपतो, पुन्हा खातो. बघणाऱ्यानं झोपायचं नाही. "तुम्ही उडी मारली का?" त्यानं विचारलं. मी नाही म्हटल्यावर त्याला बरं वाटलेलं दिसलं. त्यानंही मारली नव्हती. कधी मारणार का, तर म्हणाला, पगारात ते बसत नाही. आणि बसलं असतं तरी बायकोनं घराच्या पत्र्याला खर्च कर म्हणून सांगितलं असतं.

परतताना आमच्या गाडीचा चालक काझुंगुलाकडचा होता. तिथं झांबियातून बोत्स्वानात जाणारा नवा पूल झाला आहे, 2021 पासून. तो पुलाचं कौतुक करत होता. कौतुक संपल्यावर हत्तींवर आला. त्याच्या घरी मका. मका पिकत आला की रात्री हत्ती येतात, आणि एका रात्रीत वर्षाचा मका जातो. त्यांची तोड म्हणजे मिरची. वाळलेली लाल मिरची कुटायची, हत्तीच्याच शेणात कालवायची, विटा थापून वाळवायच्या आणि रात्री शेताच्या कडेला वाऱ्याच्या बाजूनं पेटवायच्या. धूर जळजळीत, हत्तीची सोंड नाजूक, तो फिरतो. काही जण दोरीला जुनं तेल आणि मिरचीपूड फासून कुंपण करतात. बायको पुढे सरकून बसली. पूर्ण सहलीत तिनं कुणाचं इतकं लक्षपूर्वक ऐकलं नव्हतं.

"तुमच्याकडे पण हत्ती आहेत ना?" त्यानं विचारलं. आम्ही सांगितलं की आमच्या महाराष्ट्रात सिंधुदुर्गात दोडामार्गकडे, आणि कोल्हापुरात आजरा-चंदगडकडे कर्नाटकातून हत्ती आले आहेत, 2002 च्या सुमारापासून. केळी, माड, पोफळी, ऊस, काही ठेवत नाहीत. लोक फटाके वाजवतात, डबे बडवतात, रात्र रात्र जागतात.

"आणि तुम्ही त्यांना बघायला पैसे देऊन गाडीतून जाता?"

"नाही. तिथं लोक आमदाराकडे अर्ज घेऊन जातात, की हत्ती हलवा."

तो इतका हसला की गाडी बाजूला घ्यावी लागली. त्यांच्याकडे पण अर्ज जातात, म्हणाला. आमदाराचं नाव वेगळं असतं तेवढंच. मग त्यानं गंभीरपणे विचारलं की इंडियातली मिरची जास्त तिखट असते हे खरं का, कारण त्यांच्याकडची आजकाल हत्तींना सवयीची होत चालली आहे. भाचीनं लगेच फोन काढून लवंगी मिरचीचे फोटो दाखवले, बी कसं पाठवता येईल, कस्टमला काय सांगायचं वगैरे सुरू केलं. त्यानं नाव लिहून घ्यायला कागद पुढे केला.

बायकोनं कागद घेतला, पेन घेतलं, आणि थांबली.

"अहो," ती मला म्हणाली, "लवंगी? शेणात? माझा जीव होणार नाही. त्याला म्हणावं, संकेश्वरी लिहून देते."